सर्व्हरच्या देखभालीआधी फेलओव्हर 'पॉज' करा, पण नेहमीच नाही

पोस्टग्रेस डेटाबेसचा क्लस्टर पॅट्रोनीवर (बिघाडात दुसरा सर्व्हर आपोआप पुढे आणणाऱ्या, म्हणजे फेलओव्हर करणाऱ्या साधनावर) चालत असेल, तर प्रायमरी, म्हणजे मुख्य सर्व्हर थेट रीबूट करू नका. पॅट्रोनी नीट बंद झाला की लीडरचं कुलूप ('प्रायमरी मीच' हा हक्क) लगेच सुटतं आणि एखादा रेप्लिका, म्हणजे डेटाची प्रत ठेवणारा सर्व्हर, प्रायमरी होऊन बसतो. मशीन अचानक बंद पडलं तर हेच घडतं, फक्त टीटीएल, म्हणजे त्या कुलपाची मुदत, संपल्यावर. ती मूळ सेटिंगमध्ये 30 सेकंद असते.

यावर अनेकजण सरसकट 'पॉज' लावतात, म्हणजे पॅट्रोनीचा आपोआप फेलओव्हर तात्पुरता थांबवतात. माझ्या मते साध्या ओएस पॅचिंगला त्याची गरज नाही. आधी रेप्लिका एकेक करून पॅच करा, लॅग (रेप्लिका प्रायमरीच्या किती मागे आहे ते) शून्याजवळ आला का ते बघा, मग स्वतःच्या हाताने स्विचओव्हर करा, म्हणजे प्रायमरीची भूमिका रेप्लिकाला द्या, आणि जुनी प्रायमरी सर्वांत शेवटी घ्या. अ‍ॅप्लिकेशनची कनेक्शनं तुटतील, पण तुम्ही ठरवलेल्या वेळी.

पॉज खरा कामी येतो तो एटसीडीची (पॅट्रोनी ते कुलूप जिथे ठेवतो त्या साठ्याची) दुरुस्ती किंवा पोस्टग्रेसचं मोठं व्हर्जन बदलताना. पॉजमध्ये एटसीडी गायब झाला तरी प्रायमरी खाली उतरवली जात नाही, आणि पॅट्रोनी थांबवला तरी पोस्टग्रेस चालूच राहतो. हे दुसरं माहीत नसलं की माणूस गोंधळतो: सर्व्हिस बंद, डेटाबेस मात्र सुरू!

काम संपल्यावर 'रिझ्यूम', म्हणजे पॉज उठवणं, विसरू नका. विसरलात तर खऱ्या बिघाडाच्या रात्री कोणीच आपोआप पुढे येणार नाही. पॅट्रोनीच्या 'लिस्ट' कमांडमध्ये खाली 'मेंटेनन्स मोड: ऑन' अजून दिसत नाही ना, एवढं पाहून मगच कामाचं तिकीट बंद करा.