तांडेलच पाण्यात पडला तर?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णै बंदरात मी सव्वीस वर्षं तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा कप्तान. ३१ जुलैला मासेमारीची पावसाळी बंदी संपते. पहिल्या फेरीआधी मी सगळ्या खलाशांना समोर बसवून एकच विचारतो, "रात्री दोन वाजता मीच पाण्यात पडलो, तर काय कराल?" कुणीच बोलत नाही. आमचे निम्मे खलाशी नेपाळचे. कामाला वाघ, पण समुद्र त्यांनी इथं येऊनच पाहिलेला. म्हणून पुढचं सगळं मी हिंदीत, हातवारे करून शिकवतो.

मी पाहिलेली माणसं वादळात पडली नाहीत, रात्री मागच्या काठावर लघवीला उभी राहिली आणि गेली. तेव्हा पहिला नियम, रात्री काठाशी एकट्यानं जायचं नाही. त्यासाठी एक बादली ठेवली आहे. पोरं हसतात, हसू देत.

पडलाच कुणी, तर ज्यानं पाहिलं त्यानं ओरडायचं आणि त्याच्याकडे बोट रोखून उभं राहायचं. दुसरं काही करायचं नाही. लाटांत माणसाचं डोकं नारळाएवढं दिसतं, नजर हटली की गेलं. दुसऱ्यानं जीव वाचवायची तरंगती रिंग फेकायची. तिचा दोर तरंगणारा हवा. नायलॉनचा बुडतो आणि बोटीला ढकलणाऱ्या मागच्या पंख्यात जातो. सुकाणूवरच्यानं माणूस ज्या बाजूला पडला त्याच बाजूला वळायचं, म्हणजे बोटीचा मागचा भाग, अर्थात पंखा, त्याच्यापासून लांब जातो. जवळ आलात की इंजिन न्यूट्रलला. जाळं पाण्यात असेल तर बोया, म्हणजे तरंगती खूण, बांधून सोडून द्या. नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, काय बोलायचं ते बोलेल. भिजलेला माणूस हातांनी वर येत नाही, त्यासाठी जुन्या जाळ्याचा जाड तुकडा काठाला बांधून ठेवा, शिडीसारखा चढता येतो.

लाईफ जॅकेटं सगळ्यांकडे असतात, पण बर्फाच्या पेट्यांखाली किंवा कुणाच्या तरी उशाला. उशाला घेऊन चेपलेलं जॅकेट नीट तरंगत नाही. प्रत्येक जॅकेट अंगात घालून खाडीत उतरून बघा. पट्टा तुटलेलं निघालं तर त्याच दिवशी बदला.

वायरलेसचा चॅनल १६, म्हणजे संकटात हाक मारायचा चॅनल, प्रत्येकाला लावता आला पाहिजे, आणि जीपीएसवरचे आकडे वाचता आले पाहिजेत. "मेडे" ही मदतीची हाक तीनदा, मग बोटीचं नाव, आकडे, काय झालं, माणसं किती. एवढं मी सुकाणूजवळच्या फळीवर रंगानं लिहून ठेवलंय. किनाऱ्याजवळ मोबाईलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

एक गोष्ट मात्र दटावून सांगतो. मासळी कुजली असेल तर बोटीच्या पोटातल्या मासळी साठवायच्या खणात लगेच उतरायचं नाही. आतल्या वायूनं माणूस दोन श्वासांत पडतो, त्याला काढायला उतरलेला त्याच्यावर पडतो. झाकण उघडा, हवा खेळू द्या. आत कुणी पडला असेल तरी मागून उडी मारायची नाही. म्हणूनच उतरणाऱ्याच्या कमरेला आधीपासून दोर हवा, म्हणजे वरूनच ओढता येतो.

हवामानाचा अंदाज निघताना बघतोच, पण हिशेब परतीचा करतो. ३५ सागरी मैल बाहेर आणि बोट ७ नॉटची (ताशी ७ सागरी मैल), म्हणजे घरी यायला पाच तास, तेही वारा समोरून नसेल तर. २००९ च्या नोव्हेंबरात फयान चक्रीवादळ आलं तेव्हा हा हिशेब डोक्यात पक्का बसला. हर्णैला आसरा नाही, बंदर उघडंच. आसऱ्याला आंजर्ल्याच्या खाडीत शिरायचं तर मुखाशी गाळ. ओहोटीला तिथं लाट फुटते आणि बोट आडवी होते. भरतीची वेळ जुळत नसेल तर सरळ दाभोळ नाहीतर जयगड बंदर गाठा.

सरावासाठी मी न सांगता जुना बोया पाण्यात टाकतो आणि बाजूला जाऊन बसतो. गेल्या ऑगस्टात पहिल्यांदा तो परत आणायला पोरांना अकरा मिनिटं लागली. पाचव्या खेपेला चार.