इंग्रजीतून शिकवायचं आहे? स्वतःच्या बळावर तयारी कशी करावी

विषय पक्का असतो, वाचन इंग्रजीतच झालेलं असतं, शोधनिबंधही इंग्रजीत लिहिलेले असतात. तरीही तासभर वर्गापुढे उभं राहून इंग्रजीतून शिकवायचं म्हटलं की अनेक प्राध्यापकांची जीभ अडखळते. मग पहिली धाव व्याकरणाच्या ॲपकडे किंवा रोज दहा नवे शब्द शिकवणाऱ्या व्हिडिओंकडे. त्यात वेळ जातो आणि वर्गातली अडचण तशीच राहते, कारण ती व्याकरणाची क्वचितच असते. एका मुद्द्यावरून दुसऱ्याकडे वळणं, मध्येच आलेला प्रश्न झेलणं, फळ्यावरचं सूत्र मोठ्याने वाचणं, आकडे सांगणं या गोष्टींना लागणारं बोली इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात नसतं. ते खऱ्या वर्गांच्या ध्वनिमुद्रणात असतं, आणि अशी ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर विनामूल्य मिळतात.

आधी स्वतःचा तास ऐका

पुढच्या आठवड्यात शिकवायचा एक घटक घ्या. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून, उभं राहून, लिहिलेलं न वाचता दहा मिनिटं इंग्रजीतून समजावून सांगा. लगेच ऐकू नका. त्याच दिवशी ऐकलं तर काय म्हणायचं होतं ते डोक्यात ताजं असतं आणि कान चुका भरून काढतो. दुसऱ्या दिवशी ऐकताना प्रत्येक अडखळण्याच्या जागी खूण करा आणि कारण लिहा: शब्द आठवला नाही, पुढचा मुद्दा आठवला नाही, की वाक्य सुरू करून मध्येच अडकलात? मुद्दा आठवला नसेल तर तो टिपणांचा प्रश्न आहे, इंग्रजीचा नाही. हा फरक कळला तरी निम्मी भीती जाते.

मग त्यातली तीन मिनिटं स्वतः टाइप करा. हे काम यंत्राकडून करून घेऊ नका, कारण आपोआप तयार होणाऱ्या उताऱ्यात ‘अं’, ‘आय मीन’, अर्धवट वाक्यं बऱ्याचदा गाळली जातात आणि नेमकं तेच तुम्हाला पाहायचं असतं. उतारा तयार झाला की एका मिनिटात किती शब्द बोललात ते मोजा. ब्रिटिश इंग्रजीच्या एका जुन्या, आजही आधार म्हणून घेतल्या जाणाऱ्या मोजणीत व्याख्यानांचा सरासरी वेग मिनिटाला सुमारे 140 शब्द आढळला होता, गप्पांचा सुमारे 210. तुमचा आकडा 170 च्या पुढे असेल तर विद्यार्थी मागे पडत असणार. मात्र वेग कमी करायचा म्हणजे प्रत्येक शब्द ताणायचा नाही. एक कल्पना पूर्ण झाली की तिथे दोन सेकंद थांबायचं.

हाच उतारा लेक्सट्यूटर या संकेतस्थळावरील ‘व्होकॅबप्रोफाइल’मध्ये टाकला तर कोणते शब्द अगदी रोजचे, कोणते शैक्षणिक आणि कोणते यादीबाहेरचे हे रंगांनी दिसतं. भाषाअभ्यासक ॲव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 सालची ‘ॲकॅडेमिक वर्ड लिस्ट’ 570 शब्दकुळांची (मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं मिळून एक कुळ) आहे, पण ती छापील मजकुरावरून काढलेली. शिकवणाऱ्याला 2017 ची ‘ॲकॅडेमिक स्पोकन वर्ड लिस्ट’ जास्त कामाची. तिच्यात 1741 शब्दकुळं आहेत आणि ती व्याख्यानं, चर्चासत्रं, प्रयोगशाळा अशा बोलण्यावरून तयार झाली. यादी पाठ करत बसू नका. तुमच्या विषयात येणारे पण तोंडात न बसलेले चाळीस-पन्नास शब्द निवडून ‘अँकी’ या उजळणीच्या कार्डांच्या ॲपमध्ये कार्डं करा. कार्डावर सुटा शब्द न लिहिता वर्गात म्हणायचं पूर्ण वाक्य लिहा.

वळणांची वाक्यं कुठून घ्यावीत

इंग्रजी व्याख्यान ऐकणाऱ्याला वाट दाखवतात ती छोटी जोडवाक्यं. आता काय करणार आहोत, हा भाग संपला, हे उदाहरण आहे, हे परीक्षेपुरतं नाही तर कायम लक्षात ठेवण्याचं आहे, अशा अर्थाची. ती हुकली की उत्तम व्याख्यानही एकसलग आवाजासारखं ऐकू येतं.

यासाठी मिशिगन विद्यापीठाचा ‘मिकेस’ हा कॉर्पस उघडा. कॉर्पस म्हणजे खऱ्या वापरातल्या भाषेचा, शब्द टाकून शोधता येणारा साठा. यात तिथल्या व्याख्यानांचे, चर्चांचे, प्रयोगशाळांचे, अगदी प्राध्यापकांच्या खोलीत झालेल्या विद्यार्थी-भेटींचेही 152 उतारे आहेत. एकूण सुमारे 18 लाख शब्द. शोधपट्टीत ‘मूव्ह ऑन’, ‘गो बॅक टू’, ‘द पॉइंट इज’ असं काही इंग्रजीत टाका आणि प्रकार व्याख्यानांपुरता मर्यादित ठेवा. आलेल्या ओळींपैकी वीस ओळी वाचा. त्या शब्दांच्या आधी काय येतं, नंतर काय येतं ते पाहा. मराठीतल्या ‘याबद्दल चर्चा करू’मुळे आपल्या तोंडी येणारं ‘डिस्कस अबाउट’ हेही शोधून पाहा. ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लागत नाही, हे नियम न घोकता डोळ्यांना पटेल.

बारा वाक्यांवर थांबा. तास सुरू करण्याची तीन, मुद्दा बदलण्याची तीन, उदाहरण किंवा पुन्हा सांगण्याची चार, शेवटाची दोन. ती वेगळ्या वहीत न ठेवता तासाच्या टिपणांच्या समासात, जिथे म्हणायची त्या जागी लाल शाईने लिहा. वहीतली वाक्यं वर्गात आठवत नाहीत.

मँचेस्टर विद्यापीठाचा ‘ॲकॅडेमिक फ्रेजबँक’ही विनामूल्य आहे आणि फार उपयोगी आहे, पण लेखनासाठी. तिथली वाक्यं वर्गात जशीच्या तशी म्हटली की निबंध वाचून दाखवल्यासारखं वाटतं. शोधनिबंधात ‘इट इज वाइडली असर्टेड दॅट’ चालेल; वर्गात ‘मोस्ट पीपल थिंक दॅट’ म्हणा.

खऱ्या तासांबरोबर बोलणं

एमआयटीच्या ‘ओपनकोर्सवेअर’वर आणि येलच्या ‘ओपन येल कोर्सेस’वर पूर्ण सत्रांचे वर्ग आहेत, येलच्या व्याख्यानांचे उतारेही सोबत मिळतात. आपल्याच विषयाचा, शक्यतो प्रथम वर्षाचा वर्ग निवडा, कारण तिथे प्राध्यापक संकल्पना मुळापासून समजावतात. टेडच्या भाषणांचा नमुना मात्र घेऊ नका. ती जास्तीत जास्त 18 मिनिटांची, तालीम करून बसवलेली असतात. त्यांत फळा नसतो, विद्यार्थ्याचा प्रश्न नसतो, ‘थांबा, हे पुन्हा सांगतो’ नसतं.

दोन मिनिटांचा तुकडा घ्या. एकदा नुसता ऐका. मग उतारा समोर ठेवून, वक्ता जिथे थांबतो तिथे तिरकी रेघ आणि जोर दिलेल्या शब्दाखाली आडवी रेघ मारा. वेग 0.75 करून त्याच्या मागोमाग बोला, नंतर मूळ वेगाने. शेवटी उतारा बंद करून तोच आशय स्वतःच्या शब्दांत सांगा आणि रेकॉर्ड करा. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. मग उरते ती पोपटपंची: तुकडा छान म्हणता येतो, तास मात्र पूर्वीसारखाच होतो.

उच्चारात काय सुधारावं, काय सोडावं

बोलण्याची ढब बदलण्याच्या मागे लागू नका. भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेनकिन्स यांनी 2000 साली वेगवेगळ्या मातृभाषांच्या लोकांमधल्या इंग्रजी संभाषणांवरून दाखवलं की काही चुकांनी समजणं खरोखर तुटतं, काहींनी नाही. ‘थिंक’मधला ‘थ’ दुसऱ्या प्रकारातला. त्यावर महिना घालवू नये.

मराठी बोलणाऱ्यांनी तीन ठिकाणी लक्ष द्यावं. शब्दातला जोर सगळ्यात आधी. ‘पॅरामीटर’ आपण मराठीत जसं म्हणतो तसं परदेशी श्रोत्याला पटकन कळत नाही. तिथे ते ‘परॅमिटर’ असतं, जोर ‘रॅ’वर. ‘कंपोनंट’मध्ये जोर ‘पो’वर, ‘डिव्हेलप’मध्ये ‘व्हे’वर, ‘डिटर्मिन’मध्ये ‘ट’वर, आणि शेवटी ‘माइन’ नाही. एकाच कुळात जोर सरकतो: ‘ॲनलाइझ’मध्ये पहिल्या अक्षरावर, ‘अनॅलिसिस’मध्ये दुसऱ्या, ‘ॲनलिटिकल’मध्ये तिसऱ्या. शब्दाच्या सुरुवातीचे ‘प’, ‘ट’, ‘क’ आपण हवेशिवाय म्हणतो, म्हणून ‘पॅक’ ऐकणाऱ्याला ‘बॅक’ वाटू शकतं. ओठांपुढे कागदाची पातळ पट्टी धरा, ‘प’ म्हणताना ती हलली पाहिजे. तिसरी अडचण आपल्या एकाच ‘व’ची. ‘वेव्ह’ हा शब्द सरावाला उत्तम, कारण दोन्ही ध्वनी त्यात आहेत: सुरुवातीला ओठांचा चंबू, दातांचा स्पर्श नाही, शेवटी वरचे दात खालच्या ओठावर.

विषयातले शंभर शब्द यूग्लिशवर टाका. तिथे तो शब्द प्रत्यक्ष बोलला गेलेल्या व्हिडिओंचे तुकडे एकामागून एक ऐकू येतात. अमेरिकी, ब्रिटिश असा पर्यायही निवडता येतो. एका शब्दाचे सात-आठ तुकडे पुरेत. शंका राहिलीच तर केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोश पाहा.

तपासणीसाठी गूगल डॉक्समधलं व्हॉइस टायपिंग वापरा, पण भाषा भारतीय इंग्रजी न ठेवता ब्रिटिश किंवा अमेरिकी ठेवा. चुकून उमटलेला प्रत्येक शब्द तुमचीच चूक नसतो. पारिभाषिक शब्दांत यंत्रही फसतं. तीन वेळा म्हणून तीनही वेळा चुकीचा उमटला, तरच तो सरावाच्या यादीत घाला.

आकड्यांचा सराव वेगळा हवा, कारण ते आपण मनात मराठीतच मोजतो. दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, हे रूपांतर तासाआधीच टिपणांत करून ठेवा. ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांत जोर नीट दिला नाही तर विद्यार्थ्यांच्या वहीत चुकीचा आकडा जातो. 3.14 हे ‘थ्री पॉइंट वन फोर’, ‘फोर्टीन’ नव्हे. सूत्रं कशी वाचतात ते एमआयटीच्या गणिताच्या तासांत ऐका.

प्रश्न आले की

मराठीतली ‘शंका’ आपण ‘डाउट’ करतो. बाहेरच्या विद्यार्थ्याला ‘एनी डाउट्स?’ म्हणजे ‘माझ्यावर अविश्वास आहे का?’ असं वाटू शकतं. ‘क्वेश्चन्स’ म्हणा. त्याहून बरं म्हणजे ‘व्हॉट हॅपन्स इफ वी डबल द प्रेशर?’ असा नेमका प्रश्न विचारा. मोघम प्रश्नाला वर्ग गप्प राहतो. उलट विद्यार्थ्याचा प्रश्न कळला नाही तर ‘सो यू आर आस्किंग व्हेदर…’ म्हणून तो स्वतःच्या शब्दांत पुन्हा मांडा. विचार करायला वेळ मिळतो आणि मागच्या बाकांनाही प्रश्न ऐकू जातो. याचे नमुने मिकेसमधल्या विद्यार्थी-भेटींत भरपूर आहेत.

सरावाला कोणी नसेल तर चॅटबॉटला आवाजी संवादात गोंधळलेला विद्यार्थी व्हायला सांगा आणि तुमचं बोलणं मध्येच तोडायला सांगा. व्याख्यान मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नका. ती वाक्यं तुमच्या तोंडची नसतात आणि पहिल्याच व्यत्ययाला धागा सुटतो.

आठवड्यातून पाच दिवस रोज 25 मिनिटं पुरतात: दोन दिवस मागोमाग बोलणं, दोन दिवस उच्चार आणि आकडे, एक दिवस कॉर्पस. सहा आठवड्यांनी पहिल्याच घटकावर पुन्हा दहा मिनिटं रेकॉर्ड करा, जुनं रेकॉर्डिंग आधी न ऐकता. पुन्हा तीच तीन मिनिटं टाइप करा आणि दोन्ही उताऱ्यांतल्या अडखळण्याच्या खुणा शेजारी ठेवून मोजा.