गियरबॉक्सची डिपस्टिक जाम झालीय? ओढू नका, आधी फिरवा

जुन्या ऑटोमॅटिक गाडीची ट्रान्समिशनची डिपस्टिक, म्हणजे गियरबॉक्समधलं ऑइल किती आहे ते बघायची लांब पट्टी, अडकली की बहुतेक जण एकच काम करतात, कडीत बोट घालायचं आणि जीव खाऊन वर ओढायचं. मग एकतर कडी तुटून हातात येते, नाहीतर डिपस्टिकसकट आख्खा पाइपच गियरबॉक्समधून उपटून येतो आणि साध्या रबराच्या भानगडीचं मोठं काम होऊन बसतं. त्यामुळे पहिली गोष्ट हीच, सरळ वर ओढायचं नाही, आधी जागच्या जागी फिरवायचं. बाकी सगळं त्याच्या पुढचं.

अडकते का ते आधी बघू. इंजिन ऑइलची डिपस्टिक आपण दर थोड्या दिवसांनी काढतो म्हणून ती सहसा जाम होत नाही, गियरबॉक्सच्या डिपस्टिकला मात्र वर्षानुवर्षं कोणी हात लावत नाही, सर्व्हिसिंगला टाकली तरी पोरं इंजिन ऑइल बदलून मोकळी होतात. डिपस्टिकच्या डोक्याखाली एक रबरी ओ-रिंग किंवा बूच असतं, ते बोनेटच्या आतल्या उष्णतेने भाजून भाजून कडक होतं आणि पाइपच्या आतल्या बाजूला चिकटून बसतं. कोकणात, मुंबईत समुद्राच्या हवेने पाइपच्या तोंडाला गंज येतो, आणि अमेरिकेत बर्फाच्या भागात राहणाऱ्यांनी तर रस्त्यावरच्या मिठामुळे गंज गृहीतच धरायचा. तिसरं कारण म्हणजे आधी कधीतरी कोणीतरी बॅटरी किंवा एअर फिल्टरचा डबा काढताना पाइपला धक्का दिलेला असतो, पाइप किंचित वाकतो आणि पट्टी मध्येच अडते.

पण त्याच्याही आधी एक खात्री करून घ्या, ती जाम आहे की लॉक आहे? पुण्यात १९९५ पासून बनायला लागलेली जुनी मर्सिडीज ई क्लास, डब्ल्यू १२४, तिच्या ऑटोमॅटिकच्या डिपस्टिकला वरती छोटा खटका असतो, तो उचलल्याशिवाय ती हलणारच नाही आणि लोक बिचारे पक्कड लावून बसतात. काही गाड्यांमध्ये नुसतं झाकण असतं, आत डिपस्टिकच नसते. आणि एएमटी गाडी असेल, म्हणजे २०१४ च्या सेलेरिओपासून आलेल्या, क्लच आणि गियर यंत्रच बदलतं त्या, तर ही डिपस्टिक शोधण्यात वेळ घालवू नका, तो मुळात मॅन्युअल गियरबॉक्स आहे. इथे आपण बोलतोय ते जुन्या टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे क्लचऐवजी ऑइलमधून इंजिनचा जोर गियरबॉक्सला देणाऱ्या खऱ्या ऑटोमॅटिक गाड्यांबद्दल, २००३ ची कोरोला, सँट्रो ऑटोमॅटिक, जुनी अकॉर्ड वगैरे.

आता काम. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गियर पी (पार्किंग) मध्ये, चावी काढून खिशात. चावी खिशात का, तर काही गाड्यांत इंजिन बंद असलं तरी रेडिएटरचा पंखा स्वतःहून सुरू होतो आणि आपला हात नेमका तिथेच असतो. इंजिन कोमट असलेलं बरं, रबर थोडं नरम पडतं, पण कडकडीत तापलेलं नको, कारण बऱ्याच गाड्यांत एक्झॉस्ट तिथेच जवळ असतो आणि हाताला चटका बसतो.

पाइपच्या तोंडाभोवती साचलेली माती आधी जुन्या टूथब्रशने झाडून, ओल्या फडक्याने पुसून घ्या. हे कंटाळवाणं वाटतं पण टाळू नका, नाहीतर डिपस्टिक निघाल्या निघाल्या ती सगळी घाण सरळ आत जाते, आणि ऑटोमॅटिक गियरबॉक्समध्ये ऑइलच्या वाटा इतक्या बारीक असतात की कचरा त्याला अजिबात चालत नाही. याच कारणाने गॅरेजमधलं ते धाग्यांचं कॉटन वेस्ट इथे वापरू नका, धागे न सुटणारं जुनं बनियनचं फडकं घ्या.

मग झाकण आणि पाइप जिथे भेटतात त्या फटीत सिलिकॉन स्प्रे किंवा डब्ल्यूडी फोर्टी, डब्याची ती बारीक लाल नळी लावून, अगदी थोडं मारा. थोडं म्हणजे खरंच थोडं, दोनतीन थेंब, आंघोळ घालायची नाही, कारण जे मारताय ते शेवटी गियरबॉक्समध्ये उतरणार. पेट्रोल, थिनर असलं काही बिलकुल नको, आतल्या सीलना ते मानवत नाही. पंधरावीस मिनिटं सोडून द्या, चहा घ्या.

आता मेन भाग. एका हाताने पाइप वरच्या टोकाजवळ घट्ट धरा, म्हणजे तो जागचा हलणार नाही, आणि दुसऱ्या हाताने डिपस्टिकचं डोकं डावीकडे-उजवीकडे फिरवायचा प्रयत्न करा. वर नाही, फक्त फिरवायचं. पाइप धरायचं कारण असं की तो बहुतेक गाड्यांत गियरबॉक्समध्ये नुसता ओ-रिंगवर खोचलेला असतो आणि वरती एका ब्रॅकेटला एका बोल्टने अडकवलेला असतो, तुम्ही जोर लावला की तो खालून सुटतो आणि मग तिथून ऑइल गळायला लागतं. हाताने फिरत नसेल तर डोक्याला फडकं गुंडाळून पक्कडीने हलकेच धरा, पण जुनं प्लॅस्टिक बिस्किटासारखं तुटतं हे लक्षात ठेवून. रबर सुटतं तेव्हा कळतं, आधी काहीच हलत नाही, मग बारीकसा टच्च आवाज येतो, आणि त्यानंतर डोकं एकदम सैल फिरायला लागतं. तो आवाज आला की निम्मी लढाई जिंकलात. मग फिरवत फिरवतच वर घ्या.

नाहीच सुटलं तर हेअर ड्रायरने पाइपचं टोक तीनचार मिनिटं गरम करा आणि परत फिरवा. पण स्प्रे मारलेला असेल तर आधी तो पूर्ण पुसा, वास जाऊ द्या, मगच ड्रायर. लायटर, मेणबत्ती, गॅसची टॉर्च हे प्रकार कोणी सुचवले तर त्याला नमस्कार करून घरी पाठवा, ट्रान्समिशन ऑइल पेटतं राव.

डोकं सैल फिरतंय पण पट्टी वर येत नाही, असं झालं तर भानगड खाली आहे. पट्टी पाइपच्या वळणाप्रमाणे वाकलेली असते, त्यामुळे पूर्ण फिरवताना एखाद्या ठरावीक दिशेला ती जरा मोकळी वाटते, त्या दिशेला ठेवून थोडं खाली थोडं वर असं करत काढायची. तरी अडली तर पाइपच वाकलाय असं समजा. मग ब्रॅकेटचा बोल्ट काढून (१० किंवा १२ चा पाना लागतो बहुतेक) पाइप आणि डिपस्टिक एकत्रच बाहेर काढायची आणि टेबलावर निवांत सोडवायची. फक्त आधी खाली वाकून बघा, काही गियरबॉक्समध्ये हा पाइप तळाच्या पॅनमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या भांड्यात, घुसलेला असतो, तो काढला की ऑइल धो धो जमिनीवर येतं, खाली ट्रे ठेवा. पाइप परत बसवताना खालची ओ-रिंग नवीन घालायची, जुनीच लावून चालेल असा विचार नको.

कडी तुटली आणि बूच आतच राहिलं, तर पट्टीचं टोक दिसत असल्यास नोज प्लायरने किंवा वाइस ग्रिपने पकडून फिरवत काढा. फक्त प्लॅस्टिकचं बूच उरलं असेल तर त्यात एक छोटा स्क्रू हाताने पिळायचा आणि स्क्रूला धरून ओढायचं. ड्रिल मशिन नको, भुगा आत पडतो. बूच भुगभुगीत होऊन तुकडे पडायला लागले तर तिथेच थांबा, व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीने तुकडे ओढून घ्या. आणि समजा पट्टीचा तुकडा तुटून खाली घसरला, तर आधी बारीक चुंबकाची काडी घालून बघा, पट्टी लोखंडी असते म्हणून बऱ्याचदा चिकटून येते. नाही आली तर गाडी स्टार्टसुद्धा करू नका, टो करून न्या, पॅन खोलून तुकडा काढावा लागेल. इथे "बघू, चालतीय तोवर चालवू" करणाऱ्यांचा गियरबॉक्सच जातो.

निघाली एकदाची? मग लगेच परत खोचू नका. ओ-रिंग बघा, चपटी झालीय का, भेगा आहेत का, असतील तर बदला, मापाची रिंग ऑटो पार्ट्सच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळते. पाइपच्या तोंडाचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, पण आधी पाइपमध्ये फडक्याचा बोळा कोंबून, आणि तो बोळा नंतर आठवणीने काढून. नवीन रिंगला त्याच ट्रान्समिशन ऑइलचं बोट फिरवा, ग्रीस नको.

एवढी मेहनत केलीच आहे तर ऑइलपण बघून घ्या. इथे लोक हमखास गडबडतात. टोयोटात इंजिन चालू ठेवून, ब्रेक दाबून सगळे गियर एकदा फिरवून, पी मध्ये आणून, ऑइल ७०-८० डिग्रीला आल्यावर पट्टीवरच्या हॉटच्या खुणांमध्ये लेव्हल बघायची. जुन्या होंडांमध्ये उलटं, गाडी गरम करून इंजिन बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत बघायची. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय म्हणतं तेच खरं. रंग लालसर असेल तर ठीक, काळपट आणि जळका वास असेल तर मिस्त्रीला दाखवा. कमी असेल तर अगदी थोडं थोडं टाका, जास्त झालेलं काढणं डोकेदुखी आहे. आणि लाल दिसतं म्हणजे सगळं एकच नसतं, त्या कोरोलाला टी-फोर, जुन्या ह्युंदाईला एसपी-थ्री, होंडाला झेड-वन किंवा त्याच्या जागी आलेलं डीडब्ल्यू-वन, असं प्रत्येकाचं वेगळं.

डिपस्टिक तुटलीच असेल तर दुसऱ्या गाडीची "बसतीय ना" म्हणून लावू नका, लांबी थोडी जरी वेगळी असली तरी लेव्हल चुकीची दिसते. कंपनीचा पार्ट मिळत नसेल तर मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या पार्ट्सच्या मार्केटमध्ये त्याच मॉडेलची आणि त्याच गियरबॉक्सची मागा, आणि जाताना तुटलेले सगळे तुकडे पिशवीत घेऊन जा म्हणजे दुकानात शेजारी ठेवून लांबी मापता येते.