स्लो-पिच सॉफ्टबॉल: पिचरनं या चुका टाळाव्यात

स्लो-पिच सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून, सावकाश आणि कमानीत टाकतात, मग तो टाकणाऱ्या पिचरला काय होणार? ही समजूतच घातक आहे. बॅटरला पाय रोवून पूर्ण ताकदीनं मारायला भरपूर वेळ मिळतो. यूएसए सॉफ्टबॉल या अमेरिकेतल्या संघटनेच्या बॅट-मानकात टोलवलेल्या चेंडूच्या वेगाची मर्यादाच ताशी ९८ मैल, म्हणजे सुमारे १५८ किमी आहे. त्या वेगानं चेंडू पिचरपर्यंतचं ५० फुटांचं अंतर जेमतेम एक तृतीयांश सेकंदात कापतो.

हे अंतर डोळ्यांनी ठरवू नका. मैदानावर फास्ट-पिचची जुनी खूण असेल तर ती पुरुषांसाठी ४६, महिलांसाठी ४३ फुटांवर असते. स्लो-पिचला होम प्लेटच्या (बॅटरजवळच्या जमिनीतल्या पाटीच्या) मागच्या टोकापासून टेपनं ५० फूट, म्हणजे १५.२४ मीटर मोजा.

सर्वांत महागात पडते ती चेंडू सुटल्यानंतरची चूक: पिचर पुढं झुकून, ग्लव्ह मांडीशी ठेवून पाहत राहतो. चेंडू सुटताच पुढच्या पायानं जमीन ढकला आणि दोन-तीन झपाझप पावलं मागं या. बॅट फिरण्याआधी मात्र थांबायचंच. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे सैल, ग्लव्ह छातीसमोर उघडा, बोटं वर. ग्लव्ह खाली नेणं सोपं, पण चेहऱ्याकडं आलेल्या चेंडूसाठी तो मांडीवरून वर आणायला वेळच उरत नाही. मानही वळवू नका. कानशील उघडं पडतं.

मागं सरायला वेळ देते ती उंची. १२ फुटांपर्यंत चढलेला चेंडू साधारण दीड सेकंद हवेत राहतो, ६ फुटांचा सपाट चेंडू सेकंदभरही नाही. म्हणून मोठा फटका मारणाऱ्या बॅटरसमोर उंचच टाका.

कोल्हापूरचं गांधी मैदान असो वा शाळेचं पटांगण, पिचरच्या मागची दहा फूट जागा आधी चालून पाहा. पाऊस संपून जमीन वाळली की खड्डे, चाकोऱ्या तशाच राहतात. थंडीतल्या सकाळी चेंडूही जास्त कडक असतो.

फेस मास्क घालाच. तो नसेल तर जाळीचं क्रिकेट हेल्मेट आणि गार्ड, हे काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं.

छातीवर चेंडू बसून खेळाडू कोसळला, प्रतिसाद देईना, श्वास नीट चालेना, तर १०८ ला फोन करा आणि लगेच छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाबायला लागा. डोक्याला लागलं तर खेळ तिथंच बंद. उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणं, कानातून पाणी किंवा रक्त दिसलं तर घरी न नेता थेट कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाचा अपघात विभाग गाठा.