तुरीची मर: माझा अनुभव

बदनापूरकडच्या आमच्या काळ्या रानात तूर ऐन फुलोऱ्यात उभी वाळायची. मला वाटायचं, पाणी कमी पडतंय. शेवटी खोड उभं चिरलं, तर आत काळपट रेघा! मर रोग. बुरशी जमिनीत, अन् मी दुकानदाराचं ऐकून फवारे मारतोय पानांवर. ही बुरशी धसकटात तीनेक वर्षं तग धरते. म्हणून धसकटं वेचून जाळली, त्या तुकड्यात दोन-तीन वर्षं तूर घेतलीच नाही, ज्वारी पेरली. मग मर सहन करणारं बीडीएन ७११ हे तुरीचं वाण आणलं. किलोभर बियाण्याला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) चोळलं, शेणखतातही मिसळलं. माय म्हणाली, "आपली तूर पहिल्यापासून ज्वारीतच असायची." म्हणून तुरीच्या मधी ज्वारीच्या ओळीही टाकल्या. औंदा बांधाकडची, पाणी साचतं तिथली, पाच-सात झाडंच गेली.