व्हीएम बारा मिनिटं मागे होती

नागपूरला परसोडीच्या आयटी पार्कातल्या एका छोट्या ऑफिसात मी सिस्टीम ॲडमिनचं काम शिकायला लागलो, तेव्हा सर्व्हरचं घड्याळही सांभाळावं लागतं हे माझ्या गावीही नव्हतं. मे महिन्यातली सकाळ. दहा वाजता फोन सुरू: फाइल सर्व्हरवर लॉगिन होत नाही. पासवर्ड बदलले, फाइल सर्व्हिस रीस्टार्ट केली, नेटवर्कवाल्याशी भांडलो. साडेअकराच्या सुमारास सगळं आपोआप सुरू झालं आणि श्रेय मी घेतलं.

"काय केलं तू?" सीनियर दादांनी विचारलं.

"सर्व्हिस रीस्टार्ट केली, दादा."

"मग पहिल्याच रीस्टार्टनं काऊन नाही झालं बे? लॉग पाह्यला का?"

लॉगमध्ये कर्बेरॉसची, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेची, तक्रार सकाळपासून पडली होती: घड्याळांत फार तफावत.

झालं होतं असं. आमचा फाइल सर्व्हर म्हणजे एक व्हीएम: खऱ्या मशीनच्या (होस्टच्या) आत सॉफ्टवेअरनं चालणारं आभासी मशीन. होस्टची डिस्क भरली आणि व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, केव्हीएमनं, ती पॉज केली. जागा मोकळी करून मीच ती पुन्हा चालू केली. थांबलेल्या व्हीएमचं घड्याळही थांबतं. उठली तेव्हा ती बारा मिनिटं मागे होती. कर्बेरॉस साधारणपणे 5 मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतो. क्रोनी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ घेऊन घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम, व्हीएमच्या आत चालू होता, पण त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'मेकस्टेप 1.0 3' होतं. म्हणजे एक सेकंदापेक्षा मोठी चूक एका उडीत सुधारायची मुभा फक्त सुरुवातीच्या तीन अपडेटपुरती. त्यानंतर तो घड्याळ हळूहळू ओढतो, जास्तीत जास्त 12 सेकंदांमागे 1 सेकंद. बारा मिनिटांचा फरक पाच मिनिटांवर यायला 84 मिनिटं लागतात. माझं 'आपोआप' ते हेच.

तिसरा आकडा -1 केला की क्रोनी कधीही उडी मारतो. बहुतेक व्हीएमवर मी तेच ठेवतो. डेटाबेसच्या मशीनवर मात्र नाही: घड्याळ मागे उडालं तर नंतरची नोंद आधीची दिसू लागते. तिथे आधी ॲप्लिकेशन थांबवतो आणि मग हातानं 'क्रोनीसी मेकस्टेप' ही लगेच उडी मारायला लावणारी कमांड देतो.

नवे लोक आणखी एक घोळ करतात. आत क्रोनी आणि बाहेरून व्हीएमवेअर टूल्सचा (व्हीएमवेअर हेही केव्हीएमसारखंच) टाइम सिंक, दोन्ही चालू. दोघं एकाच काट्याला हात घालतात. एकालाच काम द्या. मी आतल्या क्रोनीला देतो. स्नॅपशॉटवर, म्हणजे व्हीएमच्या आधी जतन केलेल्या स्थितीवर, परत गेलात तर घड्याळ तपासाच. वेळेचे स्रोत चार ठेवा, कारण दोनांत भांडण लागलं तर खोटा कोण हे कळत नाही. भारतीय प्रमाणवेळ राखते दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा, आणि सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या आदेशानुसार घड्याळं तिच्या किंवा एनआयसी या सरकारी आयटी केंद्राच्या एनटीपी, म्हणजे वेळ पुरवणाऱ्या, सर्व्हरशी जुळलेली हवीत. (ही वेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची. नागपूरचा सूर्य तिच्या साडेतेरा मिनिटं मागे चालतो. त्याला मेकस्टेप लागू नाही.)

फायरवॉलमध्ये यूडीपी 123 हा एनटीपीचा पोर्ट उघडा आहे का, तेही बघा. तो बंद असला तर 'क्रोनीसी सोर्सेस' मध्ये 'रीच' (स्रोताकडून उत्तरं येतात का ते सांगणारा आकडा) शून्य दिसतं, आणि सर्व्हिस मात्र हिरवी.

घरच्या लॅपटॉपवर केव्हीएमच्या 'वर्श सस्पेंड' कमांडनं एक व्हीएम पॉज करा, सीताबर्डीवर तर्री पोहे खाऊन या, मग 'रिझ्यूम' करून लगेच 'क्रोनीसी ट्रॅकिंग' ही घड्याळातला फरक दाखवणारी कमांड दर मिनिटाला चालवत बसा.