राउटरला जोडलेली हार्ड ड्राइव्ह वायफायवर दिसत नसेल, तर काय करावे

राउटरच्या यूएसबी पोर्टमध्ये एक्स्टर्नल हार्ड ड्राइव्ह लावली की घरातले सगळे लॅपटॉप, फोन आणि टीव्ही त्याच एका साठ्यातून फोटो, चित्रपट आणि कागदपत्रे उघडू शकतात. सोय मोठी आहे. पण एखाद्या दिवशी ड्राइव्ह दिसेनाशी होते, पासवर्ड घेत नाही किंवा फाइल अर्ध्यावर कॉपी होऊन थांबते, तेव्हा दोष नेमका कुठे आहे हे बाहेरून कळत नाही. ड्राइव्ह, केबल, पोर्ट, राउटरचे सॉफ्टवेअर, वायफाय किंवा लॅपटॉप, यांपैकी काहीही बिघडले तरी पडद्यावर एकच गोष्ट दिसते: ड्राइव्ह सापडत नाही.

म्हणून शोध ड्राइव्हपासून सुरू करावा आणि एकेक टप्पा बाहेर सरकत लॅपटॉपपर्यंत यावे. पुष्कळ जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी लॅपटॉपच्या दहा सेटिंग्ज बदलतात, मग राउटर फॅक्टरी रीसेट करतात. त्यात वायफायचे नाव, पासवर्ड आणि इंटरनेटचे लॉगिनही पुसले जाते, आणि एका प्रश्नाचे तीन होतात. एका वेळी एकच बदल करा आणि तो केल्यावर लगेच तपासा.

पायरी १: ड्राइव्ह थेट कॉम्प्युटरला जोडा

राउटरच्या सेटिंग्जमध्ये ड्राइव्ह सुरक्षितपणे काढण्याचा पर्याय असेल तर तो वापरा, नाहीतर राउटर बंद करून ड्राइव्ह काढा. मग ती कॉम्प्युटरला लावा आणि आधी कान देऊन ऐका. चकती फिरल्याचा एकसारखा मंद आवाज येणे ठीक आहे. ठरावीक अंतराने टक्‌टक् किंवा खरखर ऐकू आली तर ड्राइव्ह ताबडतोब बंद करा. अशा ड्राइव्हवर दुरुस्तीची कोणतीही आज्ञा चालवू नका, कारण प्रत्येक मिनिटाला नुकसान वाढू शकते. आतला डेटा मोलाचा असेल तर ती थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे न्यावी.

आवाज ठीक असेल आणि फोल्डर उघडत असतील तर ड्राइव्ह बहुधा शाबूत आहे. तरी पुढे जाण्याआधी महत्त्वाच्या फाइल दुसऱ्या जागी कॉपी करून घ्या. त्यानंतर विंडोजमध्ये ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग टूल्स, मग चेक असे जाऊन तपासणी चालवा. मॅकवर हेच काम डिस्क युटिलिटीतले फर्स्ट एड करते, पण एनटीएफएस (विंडोजची डेटा साठवण्याची पद्धत) असलेली ड्राइव्ह मॅकला दुरुस्त करता येत नाही.

आता सर्वांत धोक्याची जागा. ड्राइव्ह लावताच विंडोज विचारते, 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?' याला उत्तर कायम 'कॅन्सल' द्या. ड्राइव्ह खराब झाली आहे असा या प्रश्नाचा अर्थ असेलच असे नाही. काही राउटर ड्राइव्ह स्वतः फॉरमॅट करून लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीने डेटा ठेवतात. मॅकवर तयार केलेली ड्राइव्ह एचएफएस प्लस किंवा एपीएफएस पद्धतीची असू शकते. विंडोजला यातले काहीच वाचता येत नाही, म्हणून पूर्ण निरोगी ड्राइव्हसमोरही ते हाच प्रश्न टाकते. ड्राइव्ह शेवटची कुठे फॉरमॅट झाली होती ते आठवा आणि त्याच प्रकारच्या यंत्रावर उघडून पाहा. घाईने 'हो' म्हटले की वर्षानुवर्षांचे फोटो जाऊ शकतात, आणि हे मी कितीही वेळा बजावले तरी कमीच आहे.

विंडोजमध्ये ड्राइव्ह अजिबात दिसली नाही तर डिस्क मॅनेजमेंट उघडा. तिथे ती असेल, फक्त ड्राइव्हचे अक्षर (डी, ई असे) मिळालेले नसेल, तर राइट क्लिक करून अक्षर द्या.

पायरी २: वीज पुरेशी मिळते का?

कॉम्प्युटरला चालते आणि राउटरला चालत नाही, या तक्रारीत पहिला संशय विजेवर घ्यावा. प्रमाणित यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि यूएसबी ३.० पोर्ट ९००. चकती फिरायला लागते त्या क्षणी खिशात मावणाऱ्या अडीच इंची ड्राइव्हला याहून जास्त करंट लागू शकतो. चांगला लॅपटॉप थोडी ओढाताण सहन करतो, स्वस्त राउटर करत नाही.

लक्षणे ठरलेली असतात. दिवा लागतो आणि विझतो, चकती सुरू होते आणि थांबते. किंवा नुसते फोल्डर पाहताना सगळे ठीक चालते आणि मोठी फाइल कॉपी करायला घेतली की ड्राइव्ह गायब होते. आधी केबल बदला, शक्यतो आखूड आणि ड्राइव्हसोबत आलेली. मग राउटरचा दुसरा पोर्ट वापरून पाहा. तरी फरक पडला नाही तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावा. मात्र सगळे राउटर हब स्वीकारत नाहीत, त्यामुळे घेण्याआधी राउटरच्या माहितीपुस्तिकेत पाहा. साडेतीन इंची मोठ्या ड्राइव्हला तिचा स्वतंत्र अडॅप्टर असतो, तिथे हा प्रश्न सहसा येत नाही.

पायरी ३: राउटरला ड्राइव्ह दिसते का?

ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो (टाइप करताना इंग्रजी अंक वापरा). लॉगिन केल्यावर यूएसबी, स्टोरेज किंवा फाइल शेअरिंग अशा नावाचे पान शोधा. तिथे ड्राइव्हचे नाव आणि क्षमता दोन्ही दिसली तर राउटरपर्यंतचा रस्ता मोकळा आहे, थेट चौथ्या पायरीवर जा. नावच नसेल तर पुन्हा वीज, केबल आणि पोर्ट पाहा.

नाव दिसते पण क्षमता शून्य किंवा रिकामी, असे असेल तर राउटरला त्या ड्राइव्हची फाइल सिस्टिम, म्हणजे डेटा मांडून ठेवण्याची पद्धत, समजलेली नाही. फॅट३२ जवळजवळ प्रत्येक राउटरला वाचता येते, पण तिच्यात एकच फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. म्हणूनच ड्राइव्हवर शेकडो जीबी मोकळे असूनही एखादा मोठा व्हिडिओ 'फाइल फार मोठी आहे' म्हणून नाकारला जातो. एक्सफॅटमध्ये ही अडचण नाही. मात्र मायक्रोसॉफ्टने तिचे तपशील २०१९ मध्ये खुले केले आणि त्यानंतरच ती लिनक्सच्या गाभ्यात आली. राउटर आतून बहुधा लिनक्सवरच चालतात, त्यामुळे बरेच जुने राउटर एक्सफॅट ओळखत नाहीत. घरात मुख्यतः विंडोज असेल तर माझा कौल एनटीएफएसला आहे. तिच्यात जर्नल, म्हणजे होत असलेल्या बदलांची नोंदवही असते, त्यामुळे वीज अचानक गेली तरी फाइलींची रचना सावरण्याची शक्यता जास्त. फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये ती सोय नाही.

एनटीएफएसची एक खोड मात्र लक्षात ठेवा. विंडोजमधून 'इजेक्ट' न करता ड्राइव्ह उपटली तर तिच्यावर 'काम अर्धवट' अशी खूण राहते. अशी ड्राइव्ह काही राउटर फक्त वाचण्यापुरती उघडतात किंवा उघडतच नाहीत. ती परत विंडोजला लावा, तपासणी चालवा आणि नीट इजेक्ट करून काढा.

फाइल सिस्टिम बदलायची तर फॉरमॅट करावे लागते आणि सगळे पुसले जाते. आधी पूर्ण डेटा दुसरीकडे हलवा. त्याच वेळी राउटरच्या फर्मवेअरची (त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरची) नवी आवृत्ती आली आहे का तेही पाहा, कधी कधी तेवढ्याने काम होते.

पायरी ४: सगळी उपकरणे एकाच नेटवर्कवर आहेत का?

लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवर असेल तर ड्राइव्ह दिसणार नाही, कारण ते नेटवर्क मुद्दामच वेगळे ठेवलेले असते. राउटरमध्ये एपी आयसोलेशन (वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सेटिंग) चालू असेल तर ते बंद करा. व्हीपीएन तात्पुरते बंद करा. फोन मोबाइल डेटावर गेलेला नाही ना, तेही पाहा. घरात दोन राउटर असतील तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग (ipconfig) ही आज्ञा देऊन डिफॉल्ट गेटवे, म्हणजे लॅपटॉप ज्या राउटरमधून बाहेर जातो त्याचा पत्ता, वाचा. तो पत्ता ड्राइव्ह लावलेल्या राउटरचाच असायला हवा.

पायरी ५: यादीत शोधू नका, पत्त्याने उघडा

विंडोजच्या 'नेटवर्क' यादीत ड्राइव्ह नाही म्हणजे ती पोहोचण्याजोगी नाही असे नव्हे. ती यादी बनवणारी जुनी व्यवस्था आता विंडोजमध्ये मुळातच बंद असते. विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि त्यांना लागून राउटरचा पत्ता टाइप करून एंटर करा. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबा, मग एसएमबी (नेटवर्कवरून फाइल उघडण्याची पद्धत) ही इंग्रजी अक्षरे, कोलन, दोन सरळ तिरक्या रेघा आणि पत्ता. फोल्डर उघडला तर त्याला मॅप नेटवर्क ड्राइव्ह करून कायमचे अक्षर द्या.

'हा शेअर सुरक्षित नाही, त्याला कालबाह्य एसएमबी१ लागते' असा संदेश आला (शेअर म्हणजे नेटवर्कवर खुला केलेला फोल्डर) तर कारण स्पष्ट आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचे खंडणीखोर सॉफ्टवेअर जगभर पसरले ते याच जुन्या पद्धतीतल्या त्रुटीतून. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी१ आपोआप बसवले जात नाही. पण अनेक जुने राउटर तेवढीच एक भाषा बोलतात. राउटरच्या सेटिंग्जमध्ये एसएमबी२ किंवा एसएमबी३चा पर्याय शोधा, फर्मवेअर अद्ययावत करा. विंडोजमध्ये एसएमबी१ पुन्हा चालू करा, असा सल्ला तुम्हाला सहज मिळेल. तो घेऊ नका. नुसता डेटाच हवा असेल तर ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावता येते, त्यासाठी दार उघडे ठेवण्याची गरज नाही. राउटर बदलणे शक्य नसेल तर ड्राइव्ह सतत चालू असणाऱ्या कॉम्प्युटरला लावून तिथून शेअर करा. त्या कॉम्प्युटरचे नेटवर्क 'प्रायव्हेट' ठेवा आणि त्याची झोप बंद करा, नाहीतर तो झोपला की ड्राइव्हही गायब.

पासवर्डशिवाय चालणारा शेअर एकाएकी बंद पडला असेल तर नुकतेच झालेले अपडेट आठवा. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत असा 'गेस्ट' प्रवेश आपोआप मिळत नाही. राउटरमध्ये वापरकर्ता आणि पासवर्ड तयार करा, तेच इथे टाका. पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जात असेल तर विंडोज पासवर्ड साठवते त्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये त्या पत्त्याची जुनी नोंद असू शकते. ती काढा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. फाइल उघडतात पण नवीन साठवता येत नाहीत, तेव्हा राउटरमध्ये त्या वापरकर्त्याला फक्त वाचण्याची परवानगी दिलेली आहे का ते पाहा.

पायरी ६: वेग कमी आहे किंवा मध्येच तुटते

लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडा आणि तीच फाइल पुन्हा कॉपी करा. वेग वाढला तर अडचण वायफायची, तेवढाच राहिला तर पोर्ट, राउटर किंवा ड्राइव्हची. अपेक्षाही बेताची ठेवा. यूएसबी २.०चा वेग कागदावर ४८० मेगाबिट असला तरी हातात सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइटच येतात, आणि राउटरचा लॅन पोर्ट १०० मेगाबिटचा असेल तर जेमतेम ११-१२.

कॉपी सुरू होताच वायफायच डळमळते, असा अनुभव येत असेल तर ड्राइव्हकडे पाहा. यूएसबी ३.०च्या केबल आणि जोडणीतून निघणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायमध्ये शिरतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केले होते. ड्राइव्ह राउटरच्या अँटेनापासून दूर ठेवा, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्‌झवर घ्या. काही राउटरमध्ये पोर्ट यूएसबी २.०च्या वेगाने चालवण्याचा पर्याय असतो, तोही करून पाहा. वायफाय मंद असेल तर त्या कमी वेगाने फारसे काही गमावत नाही.

बराच वेळ न वापरलेली ड्राइव्ह पहिल्यांदा उघडताना काही सेकंद थांबते, हा बिघाड नाही. झोपलेली चकती फिरायला तेवढा वेळ लागतो.

फोन आणि टीव्ही

आयफोनवर आयओएस १३ पासून फाइल्स ॲपमध्येच 'कनेक्ट टू सर्व्हर' आहे. अँड्रॉइडवर एसएमबी चालवणारे फाइल मॅनेजर ॲप बसवावे लागते. टीव्ही बहुधा डीएलएनए ही नेटवर्कवरून मीडिया दाखवण्याची पद्धत वापरतो. त्यात फक्त फोटो, गाणी आणि व्हिडिओ दिसतात, कागदपत्रे नाहीत. नवा व्हिडिओ टाकूनही दिसत नसेल तर राउटरमधून मीडिया सर्व्हरची यादी पुन्हा तयार करायला लावा.

आणि राउटरच्या त्याच पानावर असताना एफटीपी (फाइल पाठवण्याची जुनी पद्धत) किंवा 'इंटरनेटवरून प्रवेश' असे काही चालू आहे का ते पाहा. घराबाहेरून ड्राइव्ह उघडण्याची खरोखर गरज नसेल तर ते बंद करून सेटिंग साठवा.